लेन्समध्ये बुरशीचे धागे : आधी साफसफाई की आधी डबा?

खाडीकाठ :

नमस्कार मंडळी. घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. सामान असे : निकॉन डी७२००, १८-१४० झूम, ५० मिमी एफ/१.८ डी आणि एक जुनी, हाताने फोकस करायची १३५ मिमी एफ/२.८. गेला पावसाळाभर सगळे बॅगेत घालून लाकडी कपाटात ठेवले होते. आता १३५ च्या पुढच्या काचेच्या आतून कोळिष्टकासारखे तीन-चार धागे दिसतात. ५० च्या मागच्या काचेवर कडेला पांढुरका ठिपका आहे. १८-१४० बरी वाटते, पण नक्की कसे तपासायचे ते माहीत नाही.

१. ही बुरशीच आहे हे ओळखायचे कसे?
२. अशी लेन्स कॅमेऱ्याला लावली तर बाकीच्यांना लागण होते का?
३. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाने घरी साफ करता येते असे वाचले. करावे का?
४. पुढच्या पावसाळ्यासाठी ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारे विजेचे कपाट) घेऊ की हवाबंद डबा पुरेल? आमच्याकडे पावसात लाइट सहा-सात तास जाते.
५. भर पावसात बंदरावर फोटो काढायचे असतात. तेव्हा आणि घरी आल्यावर काय काळजी घ्यावी?

एफ_आठ :

पहिल्या प्रश्नाचे सांगतो, बाकीचे जाणकार सांगतीलच.

रात्री खोली पूर्ण अंधारी करा. लेन्सची दोन्ही झाकणे काढा. ५० आणि १३५ ची अ‍ॅपर्चर रिंग (आतले प्रकाशाचे भोक लहान-मोठे करणारी कडी) १.८ आणि २.८ वर आणा म्हणजे त्या भोकाची पाती पूर्ण उघडतील. १८-१४० ला रिंग नाही आणि कॅमेऱ्यावरून काढली की तिची पाती मिटलेली असतात. माउंटच्या (लेन्स कॅमेऱ्याला जोडायच्या कडीच्या) आत एक छोटी धातूची पट्टी दिसेल, ती बोटाने हलकेच सरकवून धरा. आता मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने, पण सरळ नव्हे, तिरका मारा आणि पुढून बघा. टॉर्च सरळ मारला तर नवी कोरी लेन्ससुद्धा कचराकुंडी वाटते. मग लेन्स उलटी करून तेच. झूम १८ वर आणि १४० वर अशी दोनदा तपासा. काचा मागेपुढे सरकतात तसा एका ठिकाणी झाकला गेलेला भाग दुसऱ्या ठिकाणी दिसतो.

धूळ म्हणजे सुटे सुटे, स्वच्छ कडांचे कण. प्रत्येक वापरलेल्या लेन्समध्ये ती असते आणि तिचे काही करायचे नसते. बुरशी एका बिंदूपासून फुटते आणि तिला रोपट्याच्या मुळांसारखे फाटे असतात. सगळ्या काचेवर सारखा दुधाळ थर दिसला तर ते धुके. ते बहुतेकदा आतल्या ग्रीसचा तेलकट अंश उडून काचेवर बसल्यामुळे येते आणि त्याचा बुरशीशी संबंध नाही. कडेपासून आत सरकत आलेला, इंद्रधनुष्यासारखे रंग मारणारा किंवा चंदेरी डाग असेल तर एकमेकींना चिकटवलेल्या दोन काचा सुटू लागल्या आहेत. त्यावर घरी काही उपाय नाही.

तुमचे १३५ चे वर्णन बुरशीचेच आहे. ५० चा ठिपका मात्र बाहेरच्या पृष्ठावर असेल तर बोटाचा ठसा किंवा वाळलेला पाण्याचा थेंबही असू शकतो. आधी ब्लोअर मारा, मग लेन्सच्या कागदावर क्लीनरचा एक थेंब घेऊन मधून कडेकडे गोल पुसा. थेंब कागदावर घ्यायचा, काचेवर टाकायचा नाही, नाहीतर तो कडेच्या फटीतून आत जातो. ठिपका गेला तर विषय मिटला. पुसल्यावरही त्याच जागी तिरक्या उजेडात नक्षीसारखी फिकट खूण उरली तर तिथे कोटिंग (काचेवरचा परावर्तन कमी करणारा पातळ थर) खाल्ले गेले आहे.

फोटोवर परिणाम होतो का, हे टॉर्चने नाही तर फोटोनेच ठरवा. दुपारी उजेडाच्या खिडकीला लागून काळे कापड टांगा. कॅमेरा ट्रायपॉडवर, एक्स्पोजर मॅन्युअल. १३५ ने एफ/२.८ आणि एफ/१६ ला एकेक फोटो, मग १८-१४० त्याच १३५ वर आणून एफ/१६ ला तेवढेच एक्स्पोजर. हिस्टोग्राममध्ये (कॅमेरा दाखवतो तो काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा आलेख) काळ्या कापडाचा ढीग डावीकडून किती उजवीकडे सरकला ते बघा. तिन्हींत फरक नसेल तर त्या धाग्यांना आज तरी महत्त्व नाही. पुढच्या काचेवरचे दोन-चार धागे फोटोत सहसा दिसत नाहीत, पण मागच्या काचेवरचा तेवढाच डाग जास्त नडतो, कारण तिथे प्रकाशाचा झोत अरुंद झालेला असतो आणि डाग त्यातला मोठा वाटा अडवतो. दोन्हींचा त्रास सूर्य किंवा दिवा समोर असताना वाढतो : काळे राखाडी होते.

ठणठणीत :

दुसरा आणि चौथा प्रश्न एकच आहे, म्हणून एकत्र.

"लागण" हा शब्द लोकांना घाबरवतो. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, तुमच्या सगळ्यात स्वच्छ लेन्सवरही आत्ता आहेत. ते रुजायला सलग तीनेक दिवस ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता, अंधार, न हलणारी हवा, साधारण १० ते ३५ अंश तापमान आणि खायला थोडी धूळ, ग्रीस किंवा बोटाचा तेलकटपणा लागतो. कपाटातल्या बॅगेत हे सगळे एकाच ठिकाणी मिळते. वर बॅगेचा फोम पाणी धरून ठेवतो आणि आत हळूहळू सोडत राहतो. म्हणजे ५० ला बुरशी असलीच तर ती १३५ मुळे नव्हे, दोघींना बॅगेमुळे आली. बुरशीवाली लेन्स कॅमेऱ्याला लावून फोटो काढायला हरकत नाही. साफ होईपर्यंत वेगळ्या डब्यात ठेवली तर मनाला बरे वाटते, इतकेच.

आता डबा. त्याआधी हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचे यंत्र), कारण मोजमाप नसेल तर बाकी सगळी श्रद्धा. छोटे डिजिटल यंत्र स्वस्त मिळते, पण पाच-सात टक्के खोटे बोलू शकते. म्हणून ते तपासून घ्या : बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखे करा, मीठ पूर्ण विरघळता कामा नये. हे झाकण आणि यंत्र एका झिपवाल्या पिशवीत बंद करून दहा-बारा तास ठेवा. मिठाच्या अशा लगद्यावरच्या हवेची आर्द्रता आपल्या घरातल्या तापमानाला ७५ टक्केच असते. यंत्राने ७० दाखवले तर यापुढे प्रत्येक आकड्यात पाच मिळवायचे.

डबा वीस लिटरच्या आसपास, झाकणाला रबरी पट्टी आणि चारही बाजूंनी खटके असलेला. धान्याचे नुसते दाबून बसणारे झाकण चालत नाही. हिशोब असा : ३० अंशांना, ९० टक्के दमट हवेत दर घनमीटरला सुमारे २७ ग्रॅम पाणी असते. वीस लिटरमध्ये ते झाले अर्धा ग्रॅम. २०० ग्रॅम कोरडे सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) ४५ टक्क्यांच्या आसपास चाळीसेक ग्रॅम पाणी धरते. मग जेल महिनाभरात का भरते? डब्यातल्या हवेमुळे नव्हे. दर वेळी झाकण उघडले की हवा बदलते, रबरी पट्टीतून थोडी थोडी येत राहते, आणि मुख्य म्हणजे तुम्ही पट्टा, कापडी वेष्टण, फोम, चामड्याची खोळ असले दमट सामान आत घालता. हे सगळे बाहेर ठेवा. आत फक्त कॅमेरा, लेन्स, जेल आणि यंत्र. खाली प्लास्टिकची जाळी किंवा झाकणे उलटी टाकून त्यावर लेन्स उभ्या ठेवा.

लक्ष्य ४० ते ५० टक्के. ३० च्या खाली नेऊन बुरशीविरुद्ध जास्तीचे काही मिळत नाही, उलट रबर आणि जुन्या लेन्समधले डिंक-ग्रीस विनाकारण कोरडे का करा? आकडा फार खाली गेला तर थोडे जेल काढून ठेवा.

जेल निळे किंवा नारिंगी मिळते. निळे ओले झाले की गुलाबी होते. त्याचा रंग कोबाल्ट क्लोराइडचा आहे आणि ते विषारी आहे, त्यामुळे जेवणाच्या भांड्यात किंवा तव्यावर ते तापवू नका. नारिंगी घ्या, ओले झाले की हिरवट पडते. पण रंगापेक्षा वजनकाटा खरा. कोरड्या जेलच्या मलमलीच्या पुडीवर वजन लिहून ठेवा, समजा २०० ग्रॅम. २३५ झाले की वाळवायची वेळ झाली. ओव्हनमध्ये पसरट थाळीत एक थर पसरून ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास, वजन मूळ आकड्यावर येईपर्यंत. त्यापेक्षा जास्त तापवले तर रंग जळतो आणि मग ओले-कोरडे कळत नाही. वाळवल्यावर झाकणाच्या काचेच्या बरणीत थंड होऊ द्या. उघड्यावर थंड केले तर आषाढात ते तिथल्या तिथे पाणी पिऊ लागते. दोन पुड्या ठेवा : एक डब्यात, एक बरणीत तयार.

ड्राय कॅबिनेट चांगलेच, पण त्याने काम सोपे होते, वेगळे होत नाही. ते दोन प्रकारचे असते. एकात पेल्टियर पट्टी थंड होते, तिच्यावर आतली वाफ साचते आणि पाणी बाहेर जाते. दुसऱ्यात ओलावा शोषणारा पदार्थ असतो, यंत्र ठरावीक वेळाने तो तापवून वाफ बाहेर सोडते. लाइट गेली म्हणून कॅबिनेटची आर्द्रता लगेच चढत नाही, दार बंद ठेवा म्हणजे झाले. सहा-सात तासांनी काही बिघडणार नाही. सरासरी पाच वॅट धरले तर महिन्याला साडेतीन युनिट. मात्र दोन-दोन दिवस लाइट जात असेल तर कॅबिनेटमध्येही जेलची एक पुडी टाकून ठेवा. एक कॅमेरा आणि तीन लेन्सना डबा पुरेसा आहे. सहा-सात लेन्स झाल्या, रोज काढ-घाल असेल, तर कॅबिनेट घ्या.

मृग लागायच्या आत डबा तयार असू द्या. पाऊस पडल्यावर बंद केलेल्या डब्यात तुम्ही पाऊसच बंद करता.

रानवाट :

एवढी यातायात कशाला? लेन्स आठवड्यातून एकदा दोन तास उन्हात ठेवावी, बुरशी मरते. डब्यात तांदूळ आणि दोन कापराच्या वड्या टाकाव्यात. कपाटात झिरोचा बल्ब लावला तरी काम होते.

ठणठणीत :

रानवाट, चारपैकी एक अर्धे बरोबर आहे, ते शेवटी घेतो.

ऊन : जुलैत कोकणात आठवड्यातून दोन तास ऊन मिळाले तर लेन्सऐवजी आधी पापड वाळवावेत. गंमत सोडा. उन्हातल्या अतिनील किरणांचा लांब लहरींचा भाग काचेतून थोडाफार आत जातो, जंतुनाशक दिव्याचा आखूड लहरींचा भाग मात्र लेन्सच्या काचेतच अडतो. म्हणून ते निळे दिवे लावलेले "निर्जंतुक डबे" लेन्सच्या आतल्या बुरशीला काहीही करत नाहीत. आणि मेली तरी बुरशी जागेवरच राहते, धागे पुसल्याशिवाय जात नाहीत. उन्हात तापलेल्या लेन्समधले ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरते. झाकण नसलेली लेन्स म्हणजे भिंग, मागे काय जळेल सांगता येत नाही.

तांदूळ : फारसे पाणी ओढत नाही आणि त्याची भुकटी हे बुरशीचे जेवण आहे.

कापूर आणि डांबरगोळ्या : दोन्ही न वितळता थेट हवेत उडतात आणि थंड काचेवर परत बसतात. नवे धुके तयार.

झिरोचा बल्ब : जुना पंधरा वॅटचा, तारेचा असेल तर उपाय तत्त्वतः खरा आहे. हवा तापवली की पाणी तेवढेच राहून सापेक्ष आर्द्रता उतरते. २८ अंशांची ९० टक्के हवा ३३ अंशांवर नेली की ती ७० च्या किंचित खाली येते. म्हणजे धोक्याच्या रेषेवर. आणि हल्लीचा एलईडी झिरो तापतच नाही, त्यामुळे नुसता उजेड पडतो. कपडे आणि पुस्तकांना जुना बल्ब ठीक, लेन्सना नाही.

बारीकस्क्रू :

तिसरा प्रश्न. तुमच्या तीन लेन्सना तीन वेगळी उत्तरे.

१८-१४० ला बुरशी निघाली तरी घरी उघडू नका. आत पातळ रिबन केबल आहेत, कंप रोखणारी तरंगती काच आहे, आणि काही काचांची जागा कारखान्यात बारीक सरकवून ठरवलेली असते. उघडून परत बसवली की एक कोपरा कायमचा मऊ, म्हणजे अस्पष्ट. ५० डी ला बाहेरून पुसण्यापलीकडे जाऊ नका. माउंट काढलेत तर त्याखाली कागदासारखे पातळ धातूचे वळे असू शकतात. एक इकडचे तिकडे झाले की दूरचा फोकस बिघडतो.

१३५ वर हात बसवायला हरकत नाही. जुन्या टेलिफोटोंमध्ये (दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्समध्ये) पुढचा काचेचा गट बहुधा एकसंध बाहेर येतो आणि फोकसच्या आट्यांना हात लावावा लागत नाही. लागणारी हत्यारे : पुढची नाव लिहिलेली चकती फिरवायला रबरी शंकू किंवा योग्य मापाचे रबरी बूच, दोन टोकांचा लेन्स स्पॅनर, आणि जपानी मापाचा चौफुली पेचकस. साधा फिलिप्स पेचकस जपानी स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसत नाही. दाब दिला की उसळतो आणि खाच खातो, मग तो स्क्रू निघत नाही आणि राहतही नाही. स्क्रू अडला तर त्यावर रंगाचा किंवा लाखेचा थेंब असतो. काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पाच मिनिटे थांबा.

खाली पांढरा टॉवेल पसरा, म्हणजे स्क्रू उडून जाणार नाही. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो. काच काढण्यापूर्वी तिच्या कडेवर पेन्सिलने बाण काढा : पुढची बाजू कुठली आणि वर काय. दिसायला सारख्या दोन बाजूंची वक्रता वेगळी असते. उलटी बसवलेली काच हा घरगुती दुरुस्तीतला सर्वात सामान्य घोळ आहे.

साफ करताना सौम्यापासून सुरुवात. पहिला हात डिस्टिल्ड पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. दुसरा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. त्यावरही धागे राहिले तरच पेरॉक्साइड. औषधांच्या दुकानात मिळणारे बहुधा ६ टक्क्यांचे असते, बाटलीवर "२० व्हॉल्यूम" लिहिलेले असते. तेवढेच डिस्टिल्ड पाणी मिसळले की ३ टक्के होते. लेन्सचा कागद त्यात भिजवून धाग्यांवर दोन-तीन मिनिटे ठेवा, घासू नका, उचलून घ्या. शेवटी डिस्टिल्ड पाणी, मग अल्कोहोल.

अमोनियाचे मिश्रण जोरदार आहे, पण मला ते शेवटचे हत्यार वाटते. रासायनिक दुकानात मिळणारा अमोनिया २५ टक्क्यांचा असतो, एका भागात चार भाग पाणी घातल्याशिवाय वापरू नये. काही कोटिंग त्याने उडते, काचेच्या कडेचा काळा रंग निघतो. तो रंग आतली परावर्तने मारायला असतो, निघाला तर पुन्हा लावावा लागतो. वापरलेच तर ३ टक्के पेरॉक्साइड आणि पातळ केलेला अमोनिया समसमान, चमचाभरच, उघड्या वाटीत, खिडकीजवळ, हातमोजे आणि चष्मा घालून. मिश्रण बाटलीत बंद करून ठेवायचे नाही, आत वायू साठून बाटली फुटते. ब्लीचची बाटली त्या खोलीतसुद्धा नको, अमोनियाबरोबर विषारी वायू होतो. चिकटवलेल्या जोडकाचा कशातही बुडवायच्या नाहीत, द्रव कडेने सांध्यात शिरतो. व्हिनेगर विसरा.

आणि एक गोष्ट आधीच मान्य करून बसा : बुरशी आम्ल सोडते, त्याने कोटिंग आणि पुढे काचही खाल्ली जाते. धागे पुसले गेले तरी त्यांची सावली राहू शकते, तिला इलाज नाही. एफ_आठ यांच्या खिडकीच्या चाचणीत फरक दिसला नसेल तर मी लेन्स उघडणारच नाही. कोरड्या डब्यात बुरशीची वाढ थांबते, आहे तेवढीच राहते.

दुरुस्तीला द्यायची तर मुंबईत फोर्टला बोरा बाजाराच्या भागात कॅमेऱ्याचे कारागीर आहेत. देण्याआधी एकच प्रश्न विचारा : कोटिंग खाल्ले असेल तर मजुरी घेणार का? उत्तरावरून माणूस कळतो.

लाटेवरून :

पाचव्याबद्दल. बंदरावर दोन वेगळे शत्रू असतात : पावसाचे पाणी आणि खारे तुषार. दुसरा वाईट.

पावसात : जाड प्लास्टिकच्या पिशवीला लेन्सच्या तोंडाएवढे भोक पाडून ती हूडभोवती (लेन्सच्या तोंडावरच्या आडोशाभोवती) रबराने आवळा, मागून हात आत. पुढे हूड हवाच, काचेवरचे निम्मे थेंब तो अडवतो. लेन्स पावसात बदलायची नाही. १८-१४० झूम करताना लांब होते, आखूड होते, म्हणजे प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढते. नळीवर पाणी असताना झूम मागे घेतले तर ते पाणीही आत जाते. आधी नळी पुसा, मग आखूड करा. पाऊस जोराचा असेल तर ५० लावा आणि पायांनी झूम करा. कॅमेऱ्याला सील आहेत म्हणून तो जलरोधक होत नाही, लेन्सच्या माउंटला रबर नसेल तर साखळीतली कडी तिथेच तुटते.

खारे तुषार वाळले की मिठाचे खडे होतात. कोरड्या कापडाने पुसलेत तर पॉलिश पेपर चालवल्यासारखे. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने कॅमेरा आणि लेन्सची बाहेरची बाजू पुसा, मग कोरडे कापड. समुद्रावर फिल्टर लावा आणि घरी आल्यावर त्याच दिवशी काढा. मीठ आट्यांत बसले की फिल्टर आणि लेन्स एकजीव होतात.

घरी आल्यावर थेट हवाबंद डब्यात घालू नका. बॅटरी आणि कार्ड काढा, कप्प्यांची दारे उघडी ठेवा, पंख्याखाली तासभर. मग डबा. हेअर ड्रायर नको.

एसीचे विसरू नका. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के असेल तर दवबिंदू २७ च्या आसपास असतो. एसी खोलीतून किंवा गाडीतून २२ अंशांची लेन्स बाहेर आणली की तिच्यावर, कधी आतसुद्धा, दव धरते. खोलीतच झिपच्या पिशवीत बंद करून बाहेर आणा, अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या, मग उघडा. दव आले तर पुसत बसू नका, लेन्स काढू नका, थांबा.

खाडीकाठ :

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. ५० चा ठिपका पुसून गेला, बोटाचाच होता. १३५ मध्ये खिडकीच्या चाचणीत एफ/१६ ला काळे कापड थोडे राखाडी दिसते, एफ/२.८ ला फरक नाही. डबा आणला, २०० ग्रॅम नारिंगी जेल टाकले, मिठाने यंत्र तपासले (७३ दाखवले, म्हणजे दोन कमी). पण दोन दिवस झाले, डबा ६१ वर अडला आहे. खाली उतरत नाही.

ठणठणीत :

म्हणजे खरे ६३. कारणे तीनच : जेल आधीच ओले, झाकण गळके, किंवा आत काहीतरी दमट.

सुटे विकत घेतलेले जेल दुकानातच पाणी प्यालेले असते. आधी वाळवून वजन करा. २०० चे १७० झाले तर तुम्ही पाणी विकत घेतले होते. मग रिकाम्या डब्यात फक्त जेल आणि यंत्र ठेवा. सहा तासांत ३० च्या आसपास आले तर डबा ठीक, दोष सामानात. नाही आले तर झाकण. वहीच्या कागदाची पट्टी झाकणाच्या कडेत धरून खटके लावा आणि ओढा. चारही बाजूंनी, आठ-दहा ठिकाणी. जिथे पट्टी सहज सुटते तिथे रबर दाबले जात नाही.

खाडीकाठ :

जेल वाळवल्यावर १७४ भरले. आणि आत लेन्सखाली बॅगेतला फोमचा तुकडा कापून घातला होता, तो काढला. आता ४३ वर स्थिर आहे. १३५ उघडायची म्हणतो. परत बसवल्यावर नीट बसली हे कसे कळेल?

बारीकस्क्रू :

उघडण्याआधीच एक फोटो काढून ठेवा, तुलनेला तोच लागतो. जांभ्या चिऱ्यांची भिंत शोधा, चिऱ्याच्या भोकांमुळे बारकावा चांगला दिसतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला काटकोनात, एफ/२.८, लाइव्ह व्ह्यू मोठा करून मध्यावर फोकस, टायमरने फोटो. उघडून बसवल्यावर तोच फोटो पुन्हा. चारही कोपरे सारखे मऊ असतील तर ठीक, आधीही तसेच होते. एकच कोपरा जास्त मऊ असेल तर काच तिरकी बसली आहे. धरून ठेवणारे वळे सैल करा, लेन्स उभी धरून कडेला बोटाने हलके टिचकी मारा, काच आपणहून बसेल, मग वळे पुन्हा आवळा. सगळाच फोटो धुरकट असेल तर एखादी काच उलटी गेली, पेन्सिलचा बाण बघा.

शेवटी रात्री दूरच्या दिव्यावर किंवा चंद्रावर फोकस करा. रिंग अनंताच्या खुणेवर आल्यावर चंद्र स्पष्ट व्हायला हवा. चंद्र स्पष्ट होण्याआधीच रिंग अडली आणि तो मऊ राहिला, तर पुढचा गट आट्यांत शेवटपर्यंत गेलेला नाही. अजून पाव फेरा फिरवून बघा.